‘बाबू’ म्हणालात, म्हणून एवढं लिहितो

नमस्कार,

आमच्या शाळेचे लिपिक भाऊसाहेब नुकतेच गेले, त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “खिडकीमागून लोकांना ताटकळत ठेवणाऱ्या बाबूला तुम्ही संत करून टाकलंत.” शिवाय, फी थकली की शाळा सोडल्याचे दाखले अडवतात त्याबद्दल मी गप्प का, आणि ‘सरल’ या शाळांची माहिती ऑनलाइन भरायच्या सरकारी प्रणालीचं साल चुकलंय. साल चुकलंय, मान्य. 2015 हवं होतं, मी 2012 लिहिलं. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

आता बाबू. माणूस जाऊन अजून महिना झालेला नाही, घरची मंडळी हे वाचतायत. टीका जरूर करा, पण जीभ जरा आवरून. संत हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही, शोधून दाखवा. उलट ते तिरसट होते हे मीच लिहिलंय, दुसऱ्याच परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलंत ना?

ताटकळणं काय असतं ते मी खिडकीच्या आतून पाहिलंय. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशेजारी बसून मी दाखले लिहायचो. (हो, वशिल्यानेच. वडील त्याच शाळेत शिक्षक होते.) जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद मागायला लोक यायचे. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आलेल्या माणसाला आजोबा कोणत्या साली शाळेत गेले ते ठाऊक नसायचं, आणि रजिस्टरात आडनाव भलतंच. मग भाऊसाहेब जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, काढायचे. बोटाला थुंकी लावून पान उलटलेलं त्यांना खपायचं नाही. लाकडी फूटपट्टी हलकेच पानाखाली सरकवायची, पान उचलायचं, नावं वाचत जायचं. एका नोंदीला दोन दिवस गेलेले मला आठवतात. बाहेरचा माणूस चिडला होता, आपला वेळ काढतायत म्हणाला. अगदी तुमच्यासारखाच.

आणखी एक. माझ्या काकांचा जन्म ऑक्टोबरचा, पण शाळेत लागली 1 जून, अर्ध्या महाराष्ट्राची लागली तशी. नोकरीला लागताना वडिलांनी भाऊसाहेबांना गळ घातली, तेवढं नीट करून द्या. एका टेबलावर डबा खाणारी माणसं ही. भाऊसाहेब म्हणाले, मुलगा शाळा सोडून गेला, आता वरून मंजुरी आणल्याशिवाय रजिस्टरात टिंबही बदलणार नाही. काका तीन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत आणि शेवटी 31 मेलाच रिटायर झाले. सांगा, बाबू असा असतो?

दाखले अडवण्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 वाचा. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला ताबडतोब द्यायची जबाबदारी मुख्याध्यापकावर आहे, लिपिकावर नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेलाही प्रवेश नाकारता येत नाही. 2010 पासून हे असंच आहे. तरीही अडवतात, मला माहीत आहे. भाऊसाहेबांच्या हातूनही काही अडले असतील, वरून सांगितलं की त्यांना ऐकावंच लागायचं. पण तो विषय वेगळा, माझा लेख त्यावर नव्हता.

तुम्ही चार चकरा मारल्याचं लिहिलंत, पण कोणत्या शाळेत ते लिहिलं नाहीत. ती आमची शाळा नसेल, तर तो राग इथे का काढलात, तेवढं कळवा.