वाढदिवस तुमचा, तास आमचा

आज डोकं सणकलंय, त्यामुळे हे लांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे सरका.

सकाळी सव्वाअकरा. आमची विशेष मुलांची शाळा, माझा तास सुरू. वर्गात आठ पोट्टे, वय १३ ते १६. त्यातला एक (नाव लिहीत नाही, ते त्याचं आहे, माझ्या पोस्टसाठी नाही) वय १४, डाऊन सिंड्रोम, आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं लावून राहिला होता. खालची दोन लागली होती. तिसऱ्याशी झटापट चालली होती. जीभ बाहेर, कपाळाला आठ्या. आमच्या मावशी पोछा हातात धरून दारातच थबकल्या होत्या. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होते, कारण माझी नजर पडली की तो हात खाली सोडतो.

तेवढ्यात दहा-बाराजण आत. केक, केळी, बिस्किटांचे पुडे, फुगे, बॅनर. कोणाच्या तरी पप्पांची पंच्याहत्तरी. त्यातल्या एक ताई "अले अले, बटन नाही लागत का बाळाला?" म्हणत पुढे आल्या आणि पटापट गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून मोकळ्या. वर गालगुच्चा. मग फोटो.

बाळाला मिसरूड फुटून राहिलंय हो ताई.

तुम्हाला वाटेल, एका बटणासाठी एवढं काहून? सांगते. डाऊनच्या मुलांचे स्नायू सैल असतात, बोटं आखूड. बटण चिमटीत धरणं, ते काजात सारणं, पलीकडून दुसऱ्या हाताने पकडणं, ओढणं, ही त्याच्यासाठी चार वेगळी कामं. गेल्या पोळ्याच्या सुमारास आम्ही सुरू केलं. आधी पाटीवर ठोकलेलं जाड कापड आणि कोटाची मोठी बटणं. त्यातही शेवटची पायरी आधी. म्हणजे मी बटण अर्धं बाहेर काढून द्यायचं, त्याने फक्त ओढायचं. ओढलं की लागलं! दरवेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून तो कंटाळत नाही. ते जमलं की एक पायरी मागे. दिवाळीपर्यंत आम्ही ओढण्यावरच होतो. जानेवारीत सारायला लागला. मार्चमध्ये पाटीवरून खऱ्या शर्टावर आलो, पण टेबलावर पसरलेल्या. मग आपल्या विदर्भाची लांबलचक उन्हाळी सुट्टी, त्यात निम्मं विसरला. जुलैत परत मागून सुरुवात. अंगातल्या शर्टाचं गणित आणखी निराळं. खालून वर जायचं, कारण खालची बटणं डोळ्यांना दिसतात. गळ्याचं अगदी शेवटी, ते तर तुम्हा-आम्हालाही दिसत नाही.

आज तिसरं होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

आणि लोक म्हणतात, "मॅडम, तुमचा पेशन्स मानला, यासाठी पुण्य लागतं." पुण्य नाही लागत भाऊ. स्पेशल एज्युकेशनचं डी.एड. लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या नोंदणीचा कायदा १९९२ चा आहे, पण अजून लोकांना वाटतं आम्ही मनाने फार चांगल्या बाया आहोत म्हणून इथे आलो. मी काही मनाने फार चांगली नाही. घरी विचारा.

दुसरं ते "देवाची लेकरं". हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. एकदा देवाच्या नावावर टाकलं की आपण मोकळे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला, पाट्या बदलल्या, ठीक आहे. आमच्या मावशी अजून "आपले पोट्टे" म्हणतात. मला तोच शब्द सगळ्यात बरा वाटतो, कारण त्यात "आपले" आहे.

बरं, फुगे कशाला? माझ्या वर्गात ऑटिझमवाला एक आहे. दहा-बारा माणसं एका सुरात टाळ्या पिटून 'हॅपी बर्थडे' ओरडायला लागली तसा तो कान दाबून कोपऱ्यात गेला. फुगा फुटला तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. पाहुणे म्हणाले, "लाजून राहिला!" दुपारभर तो सावरला नाही. त्याचं मनगट मावशींनी धरून ठेवलं होतं, ते कोणत्याच फोटोत नाही.

मान्य, आमच्या शाळेतला कूलर अशाच कोणाच्या तरी पंच्याहत्तरीतून आलाय, आणि एप्रिलच्या नागपुरात कूलर म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायची गरज नाही. शाळेच्या गाडीच्या डिझेललाही लोक हात लावतात. झालं, मानलं.

पण कूलर दिला म्हणजे माझा तास विकत घेतला का? तुमच्या मुलीच्या शाळेत दहावीच्या गणिताच्या तासाला असं केळी घेऊन घुसाल का? वॉचमन गेटवरूनच परत पाठवेल. इथे घुसता, कारण इथे अभ्यास चालतो हेच तुम्हाला पटलेलं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा म्हणतो, सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल त्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे. हक्क म्हणून. माझा पोट्टा १४ चा. म्हणजे माझ्याकडे हिशेबाने चार वर्षं उरली, त्यातून सुट्ट्या वजा करा, तापाचे दिवस वजा करा, आणि आता वाढदिवसही. १८ नंतर त्याच्या आईला स्वतःच्याच लेकराची कायदेशीर पालक व्हायला राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली अर्ज करावा लागेल. त्यावर परत कधीतरी लिहीन, आज नको, आज मी बटणावर आहे.

मारबतीची मिरवणूक (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात इडापिडा घालवायला पुतळे निघतात ती) आठवड्यावर आली. यंदा त्यात एक बडग्या, म्हणजे टीकेचा पुतळा, आमच्याकडून घ्या: हातात केळी, गळ्यात मोबाईल. फोटोवाल्यांना घेऊन जाय गे मारबत!

...लिहिता लिहिता हसू आलं. थोडी शांत झाले.

मारबतीच्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा. आमची पोरं लाकडी नंदी रंगवून राहिलीत. एकाने नंदी जांभळा केलाय, शिंगांसकट. दरवर्षी आम्ही शाळेमागच्या दोन गल्ल्यांत नंदी घेऊन जातो. लोक नंदीला ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा (पैसे, खाऊ) ठेवतात, जेवढा शेजारच्या पोरांना तेवढाच आमच्यांना. कोणी "अरेरे" करत नाही. एक आजी तर दरवर्षी दटावतात, "अरे, नंदीचं तोंड माझ्याकडे कर, शेपूट काय दाखवतो!" त्या दिवशी नवा शर्ट स्वतःच्या हाताने घालायचा, हे माझ्या पोट्ट्याचं यंदाचं उद्दिष्ट आहे. फाईलमध्ये तसं लिहिलंय. शर्ट आईने आणून ठेवलाय. पाच बटणं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

त्या ताईंनी बटणं लावली ना, त्यानंतर तो काय करत होता माहीत आहे? बॅनर लावेपर्यंत त्याने एकेक करून सगळी काढली. काढणं तो दोन वर्षांपूर्वीच शिकला, ते सोपं असतं. खालपर्यंत काढली आणि परत पहिल्यापासून लावायला लागला. त्याला स्वतः लावायची होती. पहिलं लागलं. दुसरं अर्ध्यावर होतं. इकडे सगळे फोटोसाठी खोळंबलेले, आमच्या ऑफिसातले सर घड्याळ पाहून राहिलेले.

आणि मी म्हणाले, "अरे पाहुणे आहेत, उशीर काहून करतो?" आणि त्याचा हात बाजूला करून सगळी बटणं मीच लावली. मी. नोंदणीवाली.

तो काही बोलला नाही. केळं घेतलं नाही. फोटोत माझ्या शेजारी उभा आहे, हात शिवल्यासारखे अंगाला चिकटवून. तो फोटो त्या लोकांनी मला टॅग करून टाकलाय, अर्ध्या तासात दीडशे लाईक. तेव्हापासून मी चिडून राहिले आहे आणि इथपर्यंत लिहिल्यावर मला कळलं की कोणावर.

असो. यायचंच असेल तर शुक्रवारी या, आधी फोन करून. मोठी पोरं लिफाफे आणि कागदी पिशव्यांचं दुकान लावतात. सुटे आणू नका. ५० ची नोट द्या आणि उरलेले पैसे मोजून तुमच्या हातात पडेपर्यंत गप्प उभे राहा. पाच मिनिटं लागतील, कदाचित सात. "राहू दे बेटा, ठेव" म्हणायचं नाही. खऱ्या नोटांवर शिकतात ते, खोट्या पैशांवर शिकलेलं दुकानात कामाला येत नाही.

त्याच्या आईचा मेसेज संध्याकाळी सहाचा आहे. "मॅडम, आज तिसरं लागलं का? घरी तर हात लावू देत नाहीये शर्टाला." वाचलाय मी. त्यांना निळ्या खुणा दिसून राहिल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.