मास्क लावून जिने चढल्याने लेह जवळ येत नाही

मावशीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. तरी परवा डोंबिवलीला तिच्याकडे गेलो, तर धाकटा मावसभाऊ पाठीवर सॅक आणि तोंडाला काळा रबरी मास्क अडकवून जिना चढत होता. चौथ्या मजल्यावर गाठ पडली. मास्कच्या झडपेतून फुस्सफुस्स आवाज, डोळे लाल, बोलता येईना म्हणून नुसता अंगठा वर. जूनमध्ये विमानाने लेहला चाललाय. घरात मावशी कापूर, लवंगा, ओव्याच्या पुरचुंड्या बांधत बसलेली. दोघांचा गुरू एकच: ‘घरबसल्या हिमालयाची तयारी, पाच रामबाण उपाय’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. मलाही तो तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मास्कने म्हणे ‘लेहची हवा घरी मिळते’. लेहच्या हवेतही ऑक्सिजन डोंबिवलीइतकाच असतो, 21 टक्के. साडेतीन हजार मीटरवर कमी होतो तो हवेचा दाब, इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास. मास्क फक्त हवेची वाट अरुंद करतो. आत येते ती डोंबिवलीचीच हवा, जरा कष्टाने. श्वासाचे स्नायू थोडे बळकट होतील, बस्स.

कापराच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो, हे 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतही फिरत होतं. नाकाला गार लागतं, मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. कापूर मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येतात.

आता तो उपाय, ज्याच्यामुळे मी खरा चिडलो. ‘ज्याचा स्टॅमिना चांगला त्याला विरळ हवा बाधत नाही, म्हणून लेहला विश्रांतीत दिवस वाया घालवू नका, दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड करा.’ हे लिहिणाऱ्याला कुणीतरी सैन्यात पाठवा. 1962 च्या युद्धानंतरच्या काळात आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी विरळ हवेने आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास केला. तो 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जवान! ह्यांच्यापेक्षा मावसभावाचा स्टॅमिना जास्त? आजही सैन्याचा शिरस्ता असा की 9 ते 12 हजार फुटांवर पहिले सहा दिवस काढायचे, त्यातले पहिले दोन निव्वळ आराम. त्यानंतरच वरचा टप्पा. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे, म्हणजे लेहहून आणखी अठराशे मीटर वर, आणि गाडीने दोनेक तासांत.

तंदुरुस्तीचा उलट तोटाच होतो कधीकधी, कारण दमत नाही म्हणून माणूस घाईने वर जातो. आमच्या गटातला सगळ्यात दांडगा गडी दर रविवारी सिंहगड दोनदा करायचा. लेहच्या पहिल्याच संध्याकाळी तो बाजार पालथा घालून आला आणि रात्री बाथरूमच्या फरशीवर बसून ओकत होता. मी, पोट सुटलेला, खोलीत लोळून ठणठणीत.

पाणी भरपूर प्या, हे अर्धं खरं आहे, मान्य. तिथली हवा कोरडी असते, तहान भागेल एवढं प्या. पण सहा लिटर ढोसल्याने विरळ हवेचा त्रास टळत नाही, आणि अति पाण्याने रक्तातलं सोडियम खाली येतं.

शेवटचं, विरळ हवेच्या त्रासावरची गोळी: ‘डायमॉक्स नुसती लक्षणं दाबते’. चूक. ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर काढते, त्यामुळे श्वास वाढतो आणि शरीर लवकर सरावतं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा, आणि डोस त्यालाच विचारा, मेसेजला नाही.

जिने चढणं सोडू नकोस म्हटलं, ते पायांना आणि दमाला उपयोगी आहे. उतरतानाही सॅक ठेव, गुडघे तिथेच बोलतात. फक्त मास्क काढ. ‘दादा, अठराशे रुपये दिलेत,’ तो म्हणाला. मग कागद घेऊन बसलो: लेहला पहिले दोन दिवस खोली आणि फार तर गच्ची, तिसऱ्या दिवशी शांती स्तूप, तोही पायऱ्या हळूहळू चढत, खारदुंग ला त्यानंतर, आणि डोकं दुखत असेल तर तेही नाही.

‘आणि ह्या एवढ्या पुरचुंड्यांचं काय करू रे?’ मावशीने विचारलं. कपाटात टाक म्हटलं, साड्यांना कसर लागणार नाही.