आधी वर्षभर ऐकायचं

गेल्या रविवारी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या सोप्यात, जुन्या बंदुका आणि हत्यारे जमवणाऱ्या शौकिनांच्या मासिक बैठकीत, मी एक साधा प्रश्न विचारला, आणि तो विचारल्याबद्दल माझी जी संभावना झाली तिचा राग अजून पुरता निवलेला नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजरा तालुक्यातल्या घरी झोपाळ्याच्या वरच्या भिंतीवर एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक कित्येक वर्षे टांगलेली होती. तिचा घोडा मोडलेला होता, नळीवर तांबूस गंज चढलेला होता, आणि दिवाळीपूर्वी तिला पॉलिश पेपरने घासून, वर वॉर्निशचा हात देऊन, दिवाणखान्यात पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशी लावायची, असे माझ्या मेहुण्याने ठरवले होते. तसे करावे का, आणि मुळात अशी वस्तू घरात ठेवायला कायद्याची हरकत आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. जाणकार माणसाला उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरली असती.

सोप्याच्या तोंडाशीच एक गृहस्थ बैठ्या मेजावर वही उघडून बसले होते. सगळे त्यांना बापू म्हणत होते. बापूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, माझ्या चपला कुठे काढल्या आहेत ते पाहिले, त्या तिथून काढून दुसरीकडे ठेवायला लावल्या, आणि मग चौकशी सुरू केली.

“कुणाच्या ओळखीनं आलासा?”

एका ओळखीच्या गृहस्थांचे नाव मी सांगितले.

“ते दोन वर्षं आलेले न्हाईत. त्यांची ओळख आता चालत न्हाई. आडनाव?”

आडनाव सांगितले.

“मूळ गाव?”

तेही सांगितले.

“त्या गावात ह्या आडनावाची घरं न्हाईत.”

मी नम्रपणे सांगितले की निदान एक घर आहे, आणि माझा जन्म त्याच घरात झाला. बापूंनी वहीत काहीतरी लिहिले आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. मेजाच्या अलीकडून मला ते उलटे, परंतु स्पष्ट दिसले. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी स्थळ म्हणून माझी चौकशी केली होती तीसुद्धा इतकी कसून केलेली नव्हती.

“संग्रह काय काय हाय?”

“संग्रह असा नाही. एक बंदूक आहे, तीही सासऱ्यांची.”

“बोअर किती?”

“ते मला ठाऊक नाही. तेच आणि आणखी थोडे विचारायला आलो आहे.”

इथे बापूंनी पेन खाली ठेवले. “बोअर ठाऊक न्हाई, आणि बैठकीला आलासा?” हे वाक्य त्यांनी मला उद्देशून उच्चारले असले तरी त्याचा आवाज सोप्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशी काळजी घेतली होती. दोन-तीन डोकी वळली आणि एकाने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले. “हितं नियम हाय. नव्या माणसानं आधी वर्षभर ऐकायचं. तोंड उघडायचं न्हाई. वर्ष झालं की मग बघू.”

“पण मेहुणा दिवाळीला घासणार आहे.”

“त्याला सांगा, वर्षभर थांब.”

मी हार न मानता, जिज्ञासू माणसाच्या स्वाभाविक भाबडेपणाने, बोअर म्हणजे नेमके काय हे त्यांनाच विचारले. उदाहरणार्थ बारा बोअर म्हणतात त्यातले बारा कशाचे? बापूंनी क्षणभर छताच्या तुळयांकडे पाहिले आणि उत्तर दिले, “बारा म्हणजे बारा.” घरी आल्यावर मी ते वाचून काढले. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड भरते, ती नळी बारा बोअरची. गोळ्या वीस लागल्या तर वीस बोअर, आणि म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते. एवढे सांगायला मला आता जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ बापूंना माझ्या चपला हलवायला लागला होता.

बैठकीतल्या दुसऱ्या एका सद्‌गृहस्थांकडून पुढे मला जे समजले ते इथेच सांगून टाकतो, कारण ते मनात ठेवून बसणे माझ्याने होणार नाही. बापूंचा स्वतःचा संग्रह म्हणजे एक पितळी अडकित्ता आहे. तो त्यांच्या आजोबांचा असून त्याच्या मुठीवर मोर आहे, आणि कट्यारीच्या घराण्यातलेच ते एक हत्यार आहे असा बापूंचा दावा गेली अनेक वर्षे कोणी खोडून काढलेला नाही, कारण चहाची आणि भडंगाची व्यवस्था बापू पाहतात.

मला भिंतीशी, खांबाच्या मागे जागा मिळाली. चहाचा ट्रे तिथवर आला आणि बापूंच्या एका नजरेने परत फिरला. पुढचा अर्धा तास एन्फील्ड नावाच्या एका जुन्या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या गजावर, म्हणजे दारू ठासायच्या सळईवर, वाद झाला. ती बंदूक 1853 च्या धाटणीची, 39 इंची नळी तीन पट्ट्यांनी दस्त्याला जखडलेली, घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर मुकुटाचा छाप आणि ‘टॉवर’ अशी अक्षरे असलेली, खरोखर देखणी वस्तू होती. परंतु तिच्या पोटातला गज मूळचा की मागाहून कोणी घालून दिलेला, यावरून दोन वयस्क गृहस्थ एकमेकांच्या वाडवडिलांपर्यंत पोचले. त्यानंतर, 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, याबद्दल सामुदायिक हळहळ झाली. शेवटी अध्यक्षांनी, ज्यांना सर्व जण आबा म्हणतात, दर महिन्याला म्हणायचे म्हणून म्हटल्यासारखे एक वाक्य म्हटले : “नवी पोरं ह्या नादाला येत न्हाईत, हेच आपलं दुर्दैव.” सगळ्यांनी माना हलवल्या. खांबामागे मीही हलवली.

हा क्षण मला अनुकूल वाटला, म्हणून मी उभा राहून माझा प्रश्न मांडला. आबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “पट्टीवर काय कोरलंय?” मी म्हटले, गंजामुळे दिसत नाही. “नळी गोल का अठपैलू?” मागच्या बाजूला थोडी अठपैलू वाटते, असे मी म्हणालो. “वाटते?” आबा म्हणाले, आणि सोप्यात हशा पिकला. मी मोबाइलमधले छायाचित्र पुढे केले. ते हातोहात फिरले, आणि प्रत्येकाने त्यात बंदुकीऐवजी झोपाळ्यावर वाळत घातलेल्या टॉवेलवर काही ना काही मतप्रदर्शन केले. मोबाइल परत आला. बापूंनी लगेच घोषणा केली की पुढल्या बैठकीपासून वर्षाच्या आतल्या सभासदांनी उभे राहू नये.

मी या गावचा आहे आणि या गावाची रीत मला ठाऊक आहे. कोल्हापुरात परक्या माणसाने पत्ता विचारला तर सांगणारा निम्म्या वाटेपर्यंत बरोबर येतो आणि वाटेत चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मर्दानी खेळाच्या आखाड्यात नवे पोर आले की वस्ताद त्याच्या हातात काठी देतो. ती डोक्यात कशी बसते हे त्याला ऐकून कळणार नाही, एवढे वस्तादाला समजते. बंदुकीचेच म्हणाल तर याच गावच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरायच्या, प्रकारात जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणले. या दोघांनाही कोणीतरी कधीतरी, बोअर माहीत आहे का असे न विचारता, रायफल कशी धरायची ते दाखवले असणार. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात जाऊन हत्यारांच्या कपाटापुढे तिकिटाच्या दरात वाटेल तेवढे अज्ञान बाळगून उभे राहता येते आणि कोणी हसत नाही. ज्ञानाचे भांडार म्हणवणाऱ्या मंडळींनीच दारावर अडकित्ता बसवावा, हे मला समजत नाही, आणि आता समजून घेण्याची इच्छाही उरलेली नाही.

बैठक संपल्यावर मी गल्लीत स्कूटरला किल्ली लावत असताना मागून एक दणकट, मिशाळ गृहस्थ आले. लष्करात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. प्रस्तावना न करता त्यांनी विचारले, “भरलेली हाय का रिकामी, बघितलासा का?”

इतकी वर्षे भिंतीवर असलेली बंदूक भरलेली कशी असेल, असे मी म्हटले. त्यावर ते चिडले, आणि त्यांचे ते चिडणे मला त्या दिवशीची एकमेव सभ्य वागणूक वाटली. काडतुसाच्या बंदुकीसारखी ठासणीची बंदूक मागून उघडून पाहता येत नाही, हे त्यांनी मला समजावले. शिकार हुकली की माणसे भरलेली बंदूक तशीच खुंटीला लावत, आणि आतली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा ठिणगीने पेट घेते. पहिले काम म्हणजे तिचे तोंड माणसांकडून वळवायचे, स्वतः त्या रेषेत यायचे नाही, आणि लोखंडी सळई न घेता लाकडाची काठी नळीत अलगद, अडेल तिथपर्यंत, सोडायची. काठीवर तोंडापाशी खूण करायची आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरायची. घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवतात त्या जागेपर्यंत काठी पोचली तर नळी रिकामी; चार बोटे आधीच थांबली तर आत बार असू शकतो असे धरायचे, आणि हात न लावता पोलिसांना कळवायचे. ठोकायचे नाही, तापवायचे नाही, ड्रिल लावायचे नाही. 2008 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक स्फोटात मेला, तोही अनेक वर्षे हेच काम करत होता, असे ते म्हणाले.

पॉलिश पेपरबद्दल ते म्हणाले की मेहुण्याच्या हातातून तो आजच काढून घ्या. तो तांबूस-काळा थर हेच जुन्या लोखंडाचे वय, घासले की छाप जातो, अक्षरे जातात, आणि उरते ती नुसती नळी. कायद्याबद्दलही त्यांना स्वच्छ माहिती होती. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये पुरातन मोलाच्या आणि नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, परंतु दुरुस्ती करूनही ते हत्यार बंदूक म्हणून चालता कामा नये. आणि मोडका घोडा बदलता येतो, म्हणून “मोडलेली आहे हो” एवढे सांगून भागत नाही.

हे सगळे त्यांनी दोन मिनिटांत सांगितले. मी न राहवून विचारले की मग आत तुम्ही का बोलला नाहीत.

“मी बी नवाच हाय,” ते म्हणाले. “आठ महिने झालेत. चार महिने ऐकायचे राहिलेत.”

दुसऱ्या दिवशी मी आजऱ्याकडे गेलो आणि काठी घातली. ती जवळजवळ पाच बोटे अलीकडेच थांबली. ज्या झोपाळ्यावर माझी दोन्ही मुले दरवर्षी मे महिना घालवतात, त्या झोपाळ्यावर तो बार कोणत्या सालापासून रोखलेला होता हे सासऱ्यांनाही सांगता येईना. पोलिसांना कळवले, ते आले, पंचनामा झाला, आणि बंदूक त्यांच्याबरोबर गेली. गावभर चर्चा झाल्यामुळे सासरे माझ्याशी बोलत नाहीत, आणि वॉर्निशचा डबा वाया गेला म्हणून मेहुणाही घुश्शात आहे.

काल बापूंचा निरोप आला. बंदूक भरलेली निघाल्याचे त्यांच्या कानावर गेले असून पुढच्या बैठकीत मी त्याविषयी सविस्तर बोलावे, अशी आबांची इच्छा आहे. माझ्यापुरता वर्षभराचा नियम शिथिल करण्यात आला आहे. निवृत्त गृहस्थांचा नियम शिथिल झाला आहे का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलेले नाही. निरोपाच्या खाली वर्गणीचा आकडा आहे, आणि त्याखाली गेल्या रविवारच्या चहाचे वीस रुपये वेगळे लावले आहेत. तो चहा मला मिळालेला नाही, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.