भक्कम कुंपण घेऊ नका

इंग्लंडात हिवाळी वादळ येऊन गेलं की मागच्या अंगणांमध्ये सगळीकडे तीच कथा. कुंपणाची दोन पॅनेलं आडवी, तिसरं शेजाऱ्यांच्या गुलाबांवर. मग ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "अगं, आता एकदाचं चांगलं भक्कम, सलग फळ्यांचंच घेऊन टाकू का?" माझं उत्तर दरवेळी एकच असतं: नको. लोकांना पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सहा फूट बाय सहा फुटांचं सलग पॅनेल म्हणजे ३.३ चौरस मीटरचं शीडच. ताशी ६० मैलांचा वारा समोरून आला तर त्यावर साधारण दीडशे किलोंचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. (फेब्रुवारी २०२२ मध्ये युनिस वादळात आइल ऑफ वाइट बेटाच्या नीडल्स या टोकावर ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला होता. तिथे कुणाचं काय टिकणार!) हा रेटा कुठेतरी जाणारच. पॅनेल न मोडणारं घेतलंत तर सगळा भार खांबाच्या बुडाशी येतो. पॅनेल बदलणं दोघांना मिळून थोड्या वेळाचं काम आहे. मोडलेला खांब उपटून, जुना काँक्रीटचा गड्डा फोडून नवा रोवायचा म्हणजे अख्खी सुट्टी गेली आणि कंबरही.

म्हणून दुकानात जाण्याआधी खांब हलवून बघा. लाकडी खांब वर ठणठणीत दिसतो आणि नेमका मातीच्या रेषेवर कुजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर पॅनेलांचा विचार नंतर. सहा फुटी कुंपणाला खांब निदान दोन फूट जमिनीत हवा.

आता पॅनेलं. सगळ्यात स्वस्त असतं ते 'ओव्हरलॅप': पातळ आडव्या पट्ट्या, एकावर एक चढवलेल्या. त्याच्यावरचं 'क्लोजबोर्ड', उभ्या जाड फळ्यांचं, वजनदार. फोनवरच्या मंडळींना हवं असतं ते हेच. माझं मत तिसऱ्याला, 'हिट अँड मिस'ला. यात एक फळी पुढच्या बाजूला, पुढची मागच्या बाजूला, अशी आलटून पालटून ठोकलेली असते. सरळ समोरून बघितलं तर पलीकडचं दिसत नाही, पण वारा फटींतून निघून जातो. शिवाय सलग भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरे करतो, त्यात तुमची टोमॅटोची रोपं झोपतात. फटी असल्या की वारा गाळून, मऊ होऊन येतो. महाग पडतं, हे खरं. आणि तिरकं उभं राहून बघणाऱ्याला थोडं दिसतं, हेही खरं. तिरकं उभं राहून बघणारा शेजारी असेल तर प्रश्न कुंपणाचा नाही.

'हिट अँड मिस'चा आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. इथे गुळगुळीत बाजू शेजाऱ्यांकडे करायची पद्धत आहे. कायदा नाही, नुसता रिवाज, पण त्यावरून अबोले होतात.

तसंच "डावीकडचं कुंपण आपलं" असं इथे जो तो छातीठोक सांगतो. असा कुठलाच नियम नाही. घराच्या कागदपत्रांत नकाशावर सीमेला इंग्रजी 'टी'ची खूण असेल तर ती ज्याच्या बाजूला, त्याची जबाबदारी. पुष्कळदा तीही नसते. बांधाच्या वादांचं बाळकडू घेऊन आलेल्या आपल्या लोकांनी तरी पैसे मोजण्याआधी कागद उघडावेत आणि शेजाऱ्यांची बेल वाजवावी. उंची दोन मीटरपर्यंत असेल तर इंग्लंडात सहसा परवानगी लागत नाही, गाड्यांच्या रस्त्यालगत मात्र एकच मीटर. वर जाळी चढवलीत तर तीही उंचीत मोजतात. आणि विम्याच्या भरवशावर राहू नका. बहुतेक पॉलिसींमध्ये वादळाने पडलेलं कुंपण वगळलेलं असतं.

मापाचं एक सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. खाचेच्या काँक्रीट खांबांत बसणारं नेहमीचं पॅनेल १.८३ मीटर रुंद असतं. शोभेची बरीच पॅनेलं १.८ मीटरची असतात आणि दोन्हींवर बिनदिक्कत 'सहा फुटी' लिहिलेलं असतं. तीन सेंटिमीटर कमी पडले की पॅनेल खाचेत रात्रभर खडखडतं. फ्रेमची जाडीही मोजून न्या.

लाकूड 'प्रेशर ट्रीटेड'च घ्या. त्यात औषध दाबाने आतपर्यंत मुरवलेलं असतं. नुसतं बुडवून काढलेलं स्वस्त पडतं, पण वर्षा-दोन वर्षांनी ब्रश हातात घ्यावा लागतो. खाली काँक्रीटची आडवी पट्टी टाकली की फळ्या ओल्या मातीपासून सुटतात. साळिंदरासारख्या दिसणाऱ्या इथल्या छोट्या काटेरी प्राण्यांसाठी, हेजहॉगांसाठी, बुडाशी १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवता आलं तर ठेवा. गोगलगायी खातात बिचारे.

जुनी पॅनेलं मात्र शेकोटीत घालू नका. २००४ पूर्वीच्या लाकडात आर्सेनिकवालं औषध असू शकतं. सरळ कौन्सिलच्या कचरा केंद्रावर द्या, आणि नेण्याआधी वेबसाइटवर बघा, काही ठिकाणी अशा लाकडाचे पैसे घेतात.