न्यायाधीश निवडून द्यायची हौस

भारतात कॉलेजियमवरून, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश निवडायच्या पद्धतीवरून वाद पेटला की प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, "अमेरिकेत बघा, लोकच न्यायाधीश निवडतात. काम आवडलं नाही तर लोकच घरी पाठवतात." मी इलिनॉय राज्यात, शिकागोच्या उपनगरात, कुक काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) राहते आणि इथे मतदान करते. त्यामुळे हे वाचलं की मला राहवत नाही.

इथल्या काउंटी कोर्टातला, म्हणजे खटला प्रत्यक्ष चालवणारा न्यायाधीश पहिल्यांदा चक्क पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो. शिकागोत बहुतेक जागांवर डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी निवडणूक जिंकली की काम फत्ते, नोव्हेंबरची मुख्य निवडणूक नुसती नावाला. नवा न्यायाधीश बहुधा ट्रॅफिक कोर्टात बसतो आणि तिथून हळूहळू मोठ्या खटल्यांकडे सरकतो. मग दर सहा वर्षांनी रिटेन्शन. समोर प्रतिस्पर्धी नाही, नावापुढे पक्ष नाही. एकच प्रश्न: यांना पदावर ठेवायचं का? हो किंवा नाही. ६० टक्के 'हो' मिळाले की आणखी सहा वर्षं.

कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात मतपत्रिका राष्ट्राध्यक्षपदासारख्या मोठ्या पदांपासून सुरू होते आणि शेवटी साठ-सत्तर न्यायाधीशांची यादी येते. तोवर माणूस कंटाळलेला असतो. कोण फौजदारी बघतं, कोण घटस्फोट, कोण घरभाड्याचे दावे, काही लिहिलेलं नसतं. बरेच जण ते पानच कोरं सोडतात, काही जण सरसकट 'हो' करत जातात. शिवाय हे न्यायाधीश मिळून वर्गणी काढतात आणि 'सगळ्यांना हो म्हणा' असा एकत्र प्रचार करतात. चांगला-वाईट सगळे एकाच गाडीत.

नावांची तर निराळीच गंमत. कुक काउंटीत आयरिश आडनाव आणि बाईचं नाव असेल तर मतं जास्त मिळतात, हे इथल्या प्रत्येक वकिलाला पाठ आहे. फिलिप स्पिवाक नावाचे गृहस्थ शेजारच्या विल काउंटीत २०१० मध्ये हरले. २०१२ मध्ये त्यांनी रीतसर नाव बदलून शॅनन ओ'मॅली केलं आणि २०१८ मध्ये कुक काउंटीत न्यायाधीश म्हणून निवडून आले. असे प्रकार व्हायला लागले म्हणून नुकतंच नाव बदललं असेल तर जुनं नावही मतपत्रिकेवर छापायचं, असा कायदा केलाय. पण त्याची मुदत तीन वर्षं. तेवढं थांबायची तयारी हवी, बस.

मग कुणी घरी जातच नाही का? जातात, पण कसे ते बघा. २०१८ मध्ये मॅथ्यू कॉगलन पडले. १९९० नंतर रिटेन्शनमध्ये हरलेले ते कुक काउंटीतले पहिलेच न्यायाधीश, म्हणजे मध्ये २८ वर्षं गेली. ते पूर्वी सरकारी वकील होते. खुनाच्या आरोपात २३ वर्षं तुरुंगात काढून २०१६ मध्ये सुटलेल्या दोघांनी, आपल्याला गोवण्यात त्यांचाही हात होता असा दावा कोर्टात लावला होता. पण डेमोक्रॅटिक पक्षानं उघडपणे 'यांना नाही म्हणा' असं सांगितलं, तेव्हा कुठे ते ६० टक्क्यांच्या खाली आले. तरीही निम्म्याहून जास्त मतं 'हो'चीच होती! २०२० मध्ये जॅकी पोर्टमन-ब्राउन गेल्या, कारण नात्यातल्या एका लहान मुलीला कोर्टामागच्या कोठडीत बंद केल्याचा व्हिडिओ बाहेर आला होता.

त्याच वर्षी पक्षानं मायकेल टूमिन यांच्या विरोधातही मोहीम काढली. वकील संघटना त्यांच्या बाजूच्या. पक्षाचं म्हणणं, बालन्यायालयातला त्यांचा कारभार बरोबर नाही. त्यांचे समर्थक म्हणाले, खरं दुखणं वेगळंच आहे, स्वतःवरच्या हल्ल्याचा बनाव केल्याचा आरोप असलेला अभिनेता जसी स्मोलेट याचा खटला पक्षाच्याच मुख्य सरकारी वकिलाच्या कार्यालयानं मागे घेतला होता, त्यात टूमिन यांनी विशेष सरकारी वकील नेमला तो पक्षाला झोंबला. खरं काय ते असो, टूमिन थोडक्यात वाचले. पण बाकीच्या न्यायाधीशांना जो निरोप मिळायचा तो मिळालाच असणार.

उलट २०१२ मध्ये एक न्यायाधीश निलंबित होत्या, त्यांच्यावर फौजदारी खटला चालू होता, तरी मतदारांनी त्यांना सहा वर्षं बहाल केली. आजारपणाचा भाग होता म्हणून नाव घेत नाही. शेवटी २०१४ मध्ये न्यायाधीशांवरच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या राज्याच्या कोर्ट्स कमिशननं त्यांना पदावरून दूर केलं. १९८०च्या दशकात लाच घेऊन खटले निकाली काढणारे पंधराएक न्यायाधीश पकडले गेले, 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड'मध्ये. तेही एफबीआयनं पकडले, मतदारांनी नव्हे.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफोर्ड गॉर्डन या अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनियातल्या न्यायाधीशांच्या शिक्षा तपासल्या. तिथेही अशीच पद्धत आहे, फक्त मुदत दहा वर्षांची. रिटेन्शन जवळ येत जाईल तशा शिक्षा कडक होत जातात, असं त्यांना २००४ मध्ये दिसलं. साहजिकच आहे. कडक शिक्षा दिली म्हणून कुणी मोर्चा काढत नाही, सोडलेल्या माणसानं पुन्हा गुन्हा केला तर मात्र टीव्हीवर न्यायाधीशाचा फोटो येतो. म्हणजे तोच गुन्हा, तोच माणूस, पण तारीख निवडणुकीआधीची पडली तर तुरुंगात जास्त दिवस. याला लोकशाही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून मी कॉलेजियमची वकिली करतेय असं नाही. बंद दाराआड नेमणुका आणि रात्रीत होणाऱ्या बदल्या मलाही पटत नाहीत. पण त्यावर उतारा म्हणून मतपेटी पुढे करू नका. मला विचाराल तर न्यायाधीशाला एकच लांब, ठरावीक मुदत द्यावी, फेरनिवडच नको. आणि तक्रार आली तर चौकशी करून काढून टाकायचा खरा अधिकार असलेला, निकाल जाहीर करणारा आयोग हवा.

आता इथल्या मंडळींसाठी. रागाच्या भरात सगळ्यांना 'नाही' ठोकू नका. ६० टक्क्यांच्या अटीमुळे तुमचं एक 'नाही' खोडायला दीड 'हो' लागतात, आणि त्यात चांगलेही भरडले जातात. मी वकील संघटनांचे अभिप्राय वाचते, आणि बहुतेक संघटना ज्यांना नापास करतात तेवढ्यांनाच 'नाही' म्हणते. नावं कागदावर लिहून नेलेली चालतात. यादी लांब असते, जेवण करून जा.