कॅमेऱ्यासाठी सॅक घेताना आधी शिवण पाहावी

रोजच्या प्रवासात लॅपटॉपबरोबर कॅमेराही नेणाऱ्यांनी खास कॅमेऱ्याची सॅक घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अशा सॅकमध्ये आतल्या जागेचे तुकडे आधीच पाडलेले असतात आणि कॅमेरा घरी राहिला की त्या जागेत साधा स्वेटरही नीट बसत नाही. त्यापेक्षा उत्तम शिवलेली साधी सॅक घ्यावी आणि तिच्यात बसणारा, हवा तेव्हा काढता येणारा गादीचा कप्पा वेगळा घ्यावा.

उत्तम शिवलेली म्हणजे कशी, हे पाहायला सॅक आतून उलटी करावी लागते. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि २४-७० एफ २.८ ही झूम लेन्स मिळून साधारण दीड किलो भरतात, त्यात लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली धरली की चार-पाच किलोंचा भार होतो, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक त्याचा हिसका खांद्याचे पट्टे वरच्या बाजूला जिथे शिवलेले असतात नेमका तिथेच बसतो. म्हणून त्या जोडावर पुढेमागे घातलेले दाट टाके आहेत का आणि आतल्या शिवणीच्या कडा पट्टी लावून बंद केल्या आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहतो. उघड्या कडांचे धागे हळूहळू सुटतात आणि कापड शाबूत असतानाच शिवण उसवते.

कापडाच्या बाबतीत डेनिअरच्या आकड्याला अवास्तव महत्त्व दिले जाते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. त्यावरून धाग्याची जाडी कळते, दर्जा कळत नाही. त्याच आकड्याचे चांगले नायलॉन घासले जाण्याच्या बाबतीत पॉलिएस्टरपेक्षा सहसा अधिक टिकते. रोजच्या वापराला कॉर्डुरा या ब्रँडचे ५०० डेनिअरचे नायलॉन मला पुरेसे वाटते. आतला पॉलियुरेथेनचा लेप मात्र दमट हवेत कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो, त्यामुळे भिजलेली सॅक पूर्ण वाळवल्याशिवाय कपाटात ठेवू नये.

चेन बिघडते तेव्हा बहुधा दात तुटलेले नसतात. रनर झिजून सैल पडलेला असतो आणि तो बदलता येतो. चेनचा क्रमांक म्हणजे बंद दातांची मिलिमीटरमधील अंदाजे रुंदी. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन असावी, लहान खिशांना ५ चालते. पाणीरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपाच्या चेनी मला आवडत नाहीत, कारण त्या ओढायला जड असतात आणि मुसळधार पावसात त्यांच्यातूनही पाणी झिरपू शकते. साधी चेन, तिच्यावर कापडाची झडप आणि सोबत पावसाळी आवरण ही व्यवस्था अधिक भरवशाची आहे.

बाजूने उघडणारी सॅक वापरायला खरोखर सोयीची असते, कारण एक पट्टा खांद्यावरून उतरवून ती पुढे फिरवली की कॅमेरा लगेच हाती येतो. गर्दीत ही सोय दुसऱ्याच्या हातालाही मिळते, त्यामुळे त्या चेनीचा रनर अडकवून ठेवण्याची सोय हवीच.

लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर असावा, म्हणजे सॅक खाली टेकवताना लॅपटॉपच्या कडेला थेट धक्का बसत नाही. जड वस्तू पाठीलगत राहतील, हेही पाहावे. आकारमान २० ते २४ लिटर पुरते. गादीचा कप्पा घेताना कॅमेऱ्याला लेन्स जोडून आणि तिचे हूड, म्हणजे पुढची ऊन अडवणारी कड, उलटे लावून माप घ्यावे.