हिरवी खूण आणि राहून गेलेली डिस्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक) बॅकअप कितपत भरवशाचा, हे त्याच्या डिस्क कुठल्या स्टोरेजवर आणि कशा जोडल्या आहेत त्यावर ठरतं, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की व्हीएम म्हणजे शेवटी चार फाइली. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्या उचलतं, खाली स्टोरेज कुठलंही असो, आणि मी विनाकारण घाबरवतोय. पुढे तुम्ही लिहिलंय : ‘आमच्या फाइल सर्व्हरचा 6 टीबीचा व्हॉल्यूम भरत आलाय, तो विंडोजच्या आतून आयस्कझीने जोडलाय, तरी फुल बॅकअप 20 मिनिटांत होतो. शिवाय स्टोरेज तासातासाला स्नॅपशॉट घेतं.’ (आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून दूरची डिस्क जोडायची पद्धत; स्नॅपशॉट म्हणजे डेटाची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती.) या वाक्यांमुळेच एवढं सविस्तर लिहितोय.

डिस्क खरोखरच डेटास्टोअरवरची (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेवरची) फाइल असेल, तर तुमचं बरोबर आहे. हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ती फाइल गोठवतो, नवीन लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलीत वळवतो आणि गोठलेली फाइल निवांत वाचता येते. पण त्यासाठी लिखाण हायपरवायझरच्या हातून जायला हवं. व्हीएमवेअरच्या हायपरवायझरमध्ये फिजिकल मोडचा आरडीएम (स्टोरेजवरची डिस्क व्हीएमला थेट जोडायची सोय) लावला की व्हीएमच्या कमांड जवळजवळ थेट स्टोरेजकडे जातात, म्हणून त्या डिस्कचा स्नॅपशॉट निघत नाही. व्हर्च्युअल मोडच्या आरडीएमचा निघतो. इंडिपेंडंट ठेवलेली डिस्क स्नॅपशॉटमधून वगळली जाते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पास-थ्रू (व्हीएमला थेट दिलेल्या) डिस्कचं तेच. आणि गेस्टच्या (व्हीएममध्ये चालणाऱ्या विंडोजसारख्या सिस्टिमच्या) आतून जोडलेलं आयस्कझी? हायपरवायझरच्या लेखी ती डिस्क नाहीच. त्याला दिसते फक्त नेटवर्कवरची ये-जा.

हे मी अनुभवातून सांगतोय. एका ठिकाणी डेटाबेसचं व्हीएम रिस्टोअर करायची वेळ आली. मशीन सुरू झालं, लॉगिन झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. मग एक्सप्लोरर उघडला, तर नुसता सी ड्राइव्ह. डी कुठेच नाही. कित्येक महिने बॅकअपच्या जॉबसमोर रोज हिरवी खूण येत होती. लॉग वर सरकवत गेलो तेव्हा एक ओळ सापडली : डिस्क 2 वगळली, स्नॅपशॉट शक्य नाही. ती ओळ रोज येत होती आणि आमच्यापैकी कुणीही ती वाचलेली नव्हती. डी ड्राइव्ह आरडीएमवर होता.

डिस्क बॅकअपमध्ये आली तरी स्टोरेजचा प्रश्न संपत नाही. व्हीएमवेअरमध्ये एनएफएस 3 च्या (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीच्या) डेटास्टोअरवर हॉट-अ‍ॅडने, म्हणजे व्हीएमची डिस्क प्रॉक्सीला (बॅकअपसाठी डेटा वाचणाऱ्या व्हीएमला) तात्पुरती जोडून, बॅकअप घेताना प्रॉक्सी दुसऱ्या होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) असेल, तर स्नॅपशॉट काढून टाकताना फाइलीच्या लॉकपायी व्हीएम जवळपास 30 सेकंद थिजू शकतं. क्लस्टरमधल्या (एकमेकांची जागा घेणाऱ्या मशीनच्या गटातल्या) डेटाबेसला तेवढं पुरतं. थिजलेला नोड, म्हणजे त्या गटातलं मशीन, मेला समजून दुसरा ताबा घेतो. उपाय सोपा आहे : प्रॉक्सी त्याच होस्टवर ठेवा, नाहीतर नेटवर्कवरून वाचा.

प्रॉक्समॉक्स या आणखी एका व्हीएम चालवणाऱ्या सिस्टिममधली अडचण वेगळी. तिथे चालू व्हीएमचा बॅकअप स्टोरेजच्या स्नॅपशॉटवर अवलंबून नसतो, त्यामुळे साध्या एलव्हीएमवरही (लिनक्सच्या डिस्क-वाटणीच्या पद्धतीवरही) तो निघतो. पण बॅकअप न झालेल्या ब्लॉकवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) गेस्ट लिहायला गेला, की आधी जुना ब्लॉक बॅकअपच्या ठिकाणी पोचवावा लागतो. ते ठिकाण मंद असेल तर गेस्टचं लिखाणही रखडतं. 2024 साली प्रॉक्समॉक्सच्या 8.2 आवृत्तीत आलेलं फ्लीसिंग याच दुखण्यावर आहे : जुना ब्लॉक आधी जवळच्या वेगवान स्टोरेजवर ठेवायचा आणि तिथून सावकाश पाठवायचा.

आता स्टोरेजचे स्नॅपशॉट. ते जरूर घ्या, चुकून पुसलेली फाइल त्यातून मिनिटभरात परत येते. पण ते मूळ डेटाच्याच डिस्कवर असतात. स्टोरेज गेलं की दोन्ही जातं. दुसरं, डेटाबेसच्या फाइली एका व्हॉल्यूमवर आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवणारा लॉग दुसऱ्यावर असेल, तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी निघायला हवा. कन्सिस्टन्सी ग्रुप (दोन्ही व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट एकदम काढायची सोय) केला नसेल तर त्यात काही सेकंदांचं अंतर पडतं आणि डेटाबेस उघडताना अडून बसू शकतो.

तर तुमच्या फाइल सर्व्हरकडे येऊ. 10 गिगाबिटची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला सव्वा जीबीच्या वर जात नाही. त्या हिशेबाने 6 टीबीला किमान 80 मिनिटं लागतात. तुमचा फुल बॅकअप 20 मिनिटांत होतो, म्हणजे माझ्या अंदाजाने त्यात फक्त विंडोजची डिस्क जातेय आणि लोकांच्या फाइली जातच नाहीयेत. माझा अंदाज चुकला तर मला मनापासून आनंद होईल. तुम्ही आतून एजंट (व्हीएमच्या आत चालणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर) लावला असेल आणि तो त्या व्हॉल्यूमचा बॅकअप वेगळा घेत असेल, तर काळजी नाही.

नसेल, तर कृपया आजच शेवटच्या फुल बॅकअपचा रिस्टोअर पॉइंट (जिथून डेटा परत आणता येतो ती साठवलेली प्रत) उघडा. त्यात किती डिस्क आहेत ते मोजा आणि डेटाच्या ड्राइव्हवरची कालची एखादी फाइल वेगळ्या जागी काढून उघडून बघा. फाइल सापडली नाही तर एजंट आज रात्रीच लावून घ्या; व्हॉल्यूम व्हर्च्युअल डिस्कवर हलवायचं काम नंतर सवडीने करता येईल. काय दिसलं ते इथेच कळवा, मी वाट बघतोय.